लाईट गेली की प्रिंटर सापडत नाही, घरच्या कॉम्प्युटरना राऊटरमधून फिक्स आयपी कसा द्यायचा?

कराडकर_डीटीपी:

नमस्कार मंडळी. मी घरूनच डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, वास्तुशांतीची निमंत्रणं असं सगळं. खालच्या खोलीत जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ७ वाला, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल त्यालाच लावलंय त्यामुळे तो बदलायचा विषयच नाही, आणि आजवरच्या सगळ्या पत्रिका त्याच्याच डी ड्राइव्हवर आहेत. माडीवर बायकोचा लॅपटॉप, विंडोज ११. ती मजकूर टाइप करते आणि प्रूफं तपासते, त्यासाठी डेस्कटॉपचं शेअर केलेलं फोल्डर तिकडून उघडते. एक लेझर प्रिंटर आहे वायफायवर चालणारा, तो दोघांनाही लागतो.

अडचण अशी की लाईट गेली आणि परत आली की सगळ्यांचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे नंबर, फिरतात. परवापर्यंत डेस्कटॉप १९२.१६८.१.१०३ होता. काल लाईट आल्यावर बघतो तर तो १०५ झाला आणि १०३ वर माझा मोबाईल बसलाय. वरच्या लॅपटॉपवर फोल्डरचा शॉर्टकट १०३ चाच आहे त्यामुळे तो उघडत नाही, प्रिंटर ऑफलाईन दाखवतो, मग मी खाली जाऊन नंबर बघायचा, वर ओरडून सांगायचा, तिने परत शॉर्टकट करायचा. नावाने शोधून बघितलं पण जुन्या विंडोजचं नाव नव्या लॅपटॉपला कधी दिसतं कधी नाही. काल गिऱ्हाईक समोर बसलेलं, मुलीचं लग्न आठ दिवसांवर, आणि मी वीस मिनिटं प्रिंटर शोधत होतो, फार लाजल्यासारखं झालं.

नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणाला फिक्स आयपी पाहिजे तर महिन्याला वेगळे पैसे पडतील. घरातल्या घरात नंबर पक्के करायला खरंच पैसे लागतात का? आणि नसतील लागत तर हे राऊटरमध्ये कुठे करतात, जरा पायरीपायरीने सांगा. कॉम्प्युटर वापरता येतो पण नेटवर्कमधलं फार कळत नाही.

सोलापुरी_माणूस:

पैसे वगैरे काही लागत नाहीत दादा. नेटवाला सांगतोय तो बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या घराचा जो पत्ता दिसतो तो. तुम्हाला पाहिजे तो आतला. सरळ डेस्कटॉपवर जा, नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ उघडा, ऑटोमॅटिक काढून हाताने भरा: आयपी १९२.१६८.१.१०३, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१, डीएनएस पण तोच. झालं. पाच मिनिटांचं काम. प्रिंटरला पण त्याच्या छोट्या स्क्रीनवरून असंच देता येतं.

निवांत_नाशिक:

वरच्या उत्तरातला १०३ तेवढा टाकू नका हो, मी हेच करून पस्तावलोय. राऊटर स्वतः १०० पासून पुढचे नंबर वाटतो, तुम्ही १०३ डेस्कटॉपवर हाताने लिहिलात हे राऊटरला कुणी सांगितलेलं नसतं. आमच्याकडे प्रिंटरला मी असाच १०५ दिला होता, चार महिने काही झालं नाही. दिवाळीत बहिणीची मुलं आली, सहा मोबाईल वायफायवर चढले, प्रिंटर त्या वेळी झोपलेला होता म्हणून राऊटरला १०५ मोकळा वाटला आणि त्याने तो भाच्याच्या फोनला देऊन टाकला. मग प्रिंट दिली की कधी निघायची कधी नाही, भाच्याचा व्हिडिओ मधेच अडकायचा, आणि आम्ही दोन दिवस शाई आणि केबल तपासत बसलो. एकाच नंबरवर दोन वस्तू हे कारण आहे हे शेवटपर्यंत डोक्यात आलं नाही, कारण कॉम्प्युटरवर निदान आयपी कॉन्फ्लिक्टचा मेसेज तरी येतो, प्रिंटर बिचारा काहीच बोलत नाही.

जुना_नेटवर्कवाला:

कराडकर, तुमचा प्रश्न अगदी नीट मांडलाय म्हणून सविस्तर लिहितो, थोडं लांबेल पण एकदा समजून घ्या म्हणजे परत कुणाला विचारायला लागणार नाही.

आधी लाईट गेल्यावर नंबर का फिरतात ते. राऊटरच्या आत डीएचसीपी नावाचं एक काम चालू असतं, १९९३ पासूनची पद्धत आहे. एखादी वस्तू नेटवर्कवर आली की ती हाक मारते की कुणी नंबर देणारा आहे का, राऊटर म्हणतो हा घे, ती म्हणते चालेल हाच घेते, राऊटर म्हणतो ठीक, तुझ्या नावावर लिहिला. पण हा नंबर कायमचा नसतो, भाड्याने असतो. त्याला लीजच म्हणतात. बऱ्याच घरगुती राऊटरमध्ये लीज १२० मिनिटांची असते, काहींमध्ये २४ तासांची. निम्मी मुदत झाली की वस्तू परत विचारते वाढवून देता का, आणि राऊटर वाढवून देतो, म्हणून एरवी नंबर बदलल्याचं जाणवत नाही.

आता लाईट गेली. पुष्कळ राऊटरमध्ये ही भाडेकरूंची यादी नुसत्या मेमरीत असते, लाईट गेली की पुसली जाते. परत आल्यावर राऊटरची पाटी कोरी. मोबाईलला बॅटरी असते, तो जागाच असतो, वायफाय दिसलं रे दिसलं की तो पहिला जाऊन उभा. डेस्कटॉप कुणीतरी बटण दाबल्यावर चालू होणार, तो येतो पाचव्या नंबरावर. तो आपला जुना नंबर मागतो खरा, पण तोवर तो दुसऱ्याला गेलेला असला तर राऊटर नाही म्हणतो. तुमच्या १०३ चं नेमकं हेच झालंय.

यावर उपाय म्हणजे राऊटरलाच सांगून ठेवायचं की हा नंबर या वस्तूसाठी राखीव, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. ही राखीव यादी सेटिंगमध्ये सेव्ह होते, लाईट गेली तरी जात नाही. याला टीपी-लिंकच्या राऊटरमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, कुठे डीएचसीपी रिझर्व्हेशन, कुठे स्टॅटिक डीएचसीपी किंवा स्टॅटिक लीज, आसुसच्या राऊटरमध्ये लॅनच्या खाली डीएचसीपी सर्व्हरच्या पानावर शेवटी मॅन्युअल असाइनमेंट असते. नाव काहीही असो, शोधायचं डीएचसीपीच्या आसपास.

राऊटर वस्तूला ओळखतो तो तिच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून. बारा आकडे-अक्षरांचा असतो, दोन दोनच्या सहा जोड्या. डेस्कटॉपवर काळी खिडकी उघडा, म्हणजे स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून एंटर, आणि तिथे आयपीकॉन्फिग लिहून एक जागा सोडून स्लॅश ऑल लिहा. फिजिकल अ‍ॅड्रेस म्हणून जी ओळ येते तो मॅक. प्रिंटरचा त्याच्या नेटवर्क रिपोर्टच्या पानावर छापून येतो, बऱ्याचदा मागच्या स्टिकरवर पण असतो.

मग ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका, तुमचा बहुतेक १९२.१६८.१.१, म्हणजे आयपीकॉन्फिगमध्ये डीफॉल्ट गेटवे दिसतो तोच. पासवर्ड टाकून आत गेलात की आधी डीएचसीपीच्या पानावर रेंज बघा, म्हणजे राऊटर कुठपासून कुठपर्यंतचे नंबर वाटतो ते, १०० ते १९९ असेल असं धरतो. नवीन नोंद घ्या, मॅक लिहा, त्याच्यापुढे डेस्कटॉपला १९२.१६८.१.२०, प्रिंटरला ३०, लॅपटॉपला ४० असे सुटसुटीत नंबर द्या, सेव्ह करा. काही राऊटर रेंजच्या बाहेरचा नंबर घेत नाहीत, तसं झालं तर रेंजमधलाच द्या, १२०, १३०, १४०. राखीव असल्यामुळे तो दुसऱ्याला जात नाही, निवांत_नाशिक यांच्यासारखं होणार नाही.

सेव्ह केलं म्हणजे लगेच नंबर बदलत नाही हे लक्षात ठेवा, जुनं भाडं संपेपर्यंत वस्तू जुन्याच नंबरवर राहते. डेस्कटॉप रीस्टार्ट करा, किंवा त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज आणि मग स्लॅश रिन्यू. प्रिंटर बंद करून चालू करा.

शेवटचं, प्रिंटरला दोन्ही कॉम्प्युटरवर एकदा नव्या नंबरने जोडायला लागेल. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, अ‍ॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, आणि तिथे त्याचा नवा नंबर. विंडोज आपणहून शोधून जो डब्ल्यूएसडी पोर्ट लावतं ना, तो मला कधीच भरवशाचा वाटला नाही, ऑफलाईनची अर्धी तक्रार त्याच्यामुळे असते. फोल्डरचा शॉर्टकट पण दोन बॅकस्लॅश आणि १९२.१६८.१.२० असा नवा करा.

कराडकर_डीटीपी:

सर खूप खूप आभार, इतकं समजावून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. भाड्याच्या खोलीचं उदाहरण तर बायकोला पण लगेच पटलं.

आत्ता बसून केलं सगळं. राऊटरने २०, ३०, ४० घेतले. डेस्कटॉप २० वर आला, प्रिंटर ३० वर आला, टेस्ट पेज निघालं. पण लॅपटॉप काही केल्या ४० वर येत नाही, तीनदा रीस्टार्ट केला, रिलीज रिन्यू पण केलं, तो १०२ च धरून बसलाय. मॅक दोनदा तपासला, आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलमध्ये सगळ्यात वर जो फिजिकल अ‍ॅड्रेस आहे तोच लिहिलाय अक्षर न अक्षर.

मेघा_ठाणे:

वर जो आहे त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचून सांगता का? इथरनेट अडॅप्टर आणि खाली मीडिया डिसकनेक्टेड असं असेल तर तो केबलच्या सॉकेटचा मॅक आहे. लॅपटॉपला दोन मॅक असतात, केबलचा वेगळा, वायफायचा वेगळा. तुमच्या मिसेस वायफायवर असणार, तर खाली वायरलेस लॅन अडॅप्टर वायफाय असा भाग आहे तिथला घ्या. त्याच्यावर पण लोकल एरिया कनेक्शन आणि स्टार असे दोन-तीन भाग दिसतील, ते नाही घ्यायचे, नुसतं वायफाय लिहिलेला घ्यायचा. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

आणि सेटिंग्समध्ये वायफायच्या खाली रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस असं असेल तर ते ऑफ आहे ना बघा. मोबाईलला नंबर पक्का करायचा असेल तर तिथेही हीच गोष्ट आडवी येते. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक न दाखवता वायफायला बनावट मॅक दाखवतो. बाहेर हॉटेलात, स्टेशनवर ते चांगलंच आहे, माग काढता येत नाही. घरच्या वायफायपुरतं बंद केलं की झालं. ओळखायची खूण म्हणजे मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुतेक बनावट.

कराडकर_डीटीपी:

ताई शंभर टक्के बरोबर! मीडिया डिसकनेक्टेडच लिहिलेलं होतं. खालचा वायफायचा मॅक टाकला, वायफाय बंद करून चालू केलं, ४० वर आला. रँडमवालं ऑफच होतं.

मालवणी_मस्कत:

यातच माझा पण एक प्रश्न विचारतो, वेगळा धागा काढत नाही. मी मस्कतला असतो, आई-बाबा दोघंच रत्नागिरीला. घराला चार कॅमेरे लावलेत, रेकॉर्डरला राऊटरमध्ये १९२.१६८.१.५० राखीव करून दिलाय, गेल्या सुट्टीत आलो तेव्हा पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली हाक राऊटरने आत रेकॉर्डरकडे पाठवायची सोय, ते पण करून आलो. घरात बसून सगळं दिसतं. इथून दिसत नाही. बाबांना फोनवर राऊटरचं पान उघडायला लावलं, वॅन म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या भागाखाली १००.७२ ने सुरू होणारा आयपी आहे म्हणतात. ते पडल्यापासून जीव तिकडेच असतो, निदान सकाळी अंगणात हिंडताना दिसले तर बरं वाटतं.

जुना_नेटवर्कवाला:

तुम्ही तिकडचं सगळं बरोबरच केलंय. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आयपी हे कंपनीच्या आतले असतात, २०१२ मध्ये यासाठीच बाजूला काढून ठेवलेत. जगात आयपीव्ही४ चे नंबर कमी पडले म्हणून नेट कंपनी शेकडो घरांना एकाच बाहेरच्या आयपीमागे बसवते. म्हणजे तुमच्या राऊटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक दरवाजा आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केलं तरी बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही.

दोन मार्ग आहेत. कंपनीकडून महिन्याचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यायचा, म्हणजे कराडकरांना त्यांचा नेटवाला सांगत होता तो. किंवा घरी कायम चालू असणाऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पण चालेल, टेलस्केलसारखं व्हीपीएन टाकायचं, त्यात घरचं नेटवर्क दाखवायची सबनेट राऊटरची सेटिंग चालू करायची आणि तुमच्या फोनवर तेच टाकायचं. मग आतून बाहेर जाणारा बोगदा तयार होतो आणि मस्कतहून तुम्ही घरातच असल्यासारखे ५० नंबर उघडू शकता. तिकडे व्हीपीएनचे नियम काय आहेत ते आधी बघून घ्या.

मी व्हीपीएनच सांगेन, पैशासाठी नाही. रेकॉर्डर उघडा इंटरनेटवर ठेवणं धोक्याचं आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर नुसत्या कंपनीच्या मूळ पासवर्डवर ताब्यात घेतले होते. जे पोर्ट फॉरवर्डिंग केलंय ते काढून टाका आणि पासवर्ड आजच बदला, आई-बाबांचं अंगण दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये.

मालवणी_मस्कत:

पासवर्ड लावणाऱ्याने दिला होता तोच आहे. आजच बाबांच्या शेजारच्या मुलाला बसवून बदलून घेतो. बाकीचं पण करतो, धन्यवाद.

सोलापुरी_माणूस:

माझ्या पहिल्या उत्तरात रेंजचं सांगायचं राहिलं, निवांत_नाशिक यांनी बरोबर पकडलं. तरी हाताने आयपी देण्याच्या बाजूने एक सांगतो. कधी कधी लाईट आल्यावर कॉम्प्युटर पटकन चालू होतो आणि राऊटरला उठायला दोन मिनिटं लागतात. कॉम्प्युटर हाक मारतो, कुणी उत्तर देत नाही, मग तो आपणच १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर घेऊन बसतो आणि कुणालाच दिसत नाही. हाताने दिलेला असला की हे होत नाही. आमच्या दुकानातल्या डेस्कटॉपला म्हणून मी हातानेच दिलाय, पण रेंजच्या बाहेरचा.

जुना_नेटवर्कवाला:

मुद्दा रास्त आहे. जागचा न हलणारा डेस्कटॉप असेल तर हाताने चालतं. लॅपटॉपला मात्र कधीच करू नका, दुसऱ्याच्या घरी नेला की तिथला गेटवे वेगळा आणि नेट चालणार नाही, मग वहिनी माहेरी गेल्या की तुम्हाला फोन. १६९.२५४ दिसला तर घाबरायचं नाही, विंडोज दर पाच मिनिटांनी परत विचारत असतं, थांबायचं नसेल तर केबल काढून लावा. सगळ्यात बरं म्हणजे राऊटरला छोटा यूपीएस घ्या, बारा व्होल्टचा मिळतो, बघताना तुमच्या राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

कराडकर_डीटीपी:

दोन दिवस छान चाललं, आज सकाळी लॅपटॉपने परत दगा दिला. नंबर ४० नाही, १०२ पण नाही, १९२.१६८.०.१०१ दाखवतोय. एकच्या जागी शून्य. इंटरनेट चालतंय, फोल्डर आणि प्रिंटर दोन्ही बंद. नोंद राऊटरमध्ये जशीच्या तशी आहे.

मेघा_ठाणे:

माडीवर रेंज मिळावी म्हणून जुना राऊटर लावलाय का वर?

कराडकर_डीटीपी:

हो! जिन्यात आहे एक, खालून केबल नेलीय. वायफायचं नाव दोन्हीला एकच ठेवलंय. त्याचा काय संबंध?

मेघा_ठाणे:

तोच. तो दुसरा राऊटर पण आपल्या परीने नंबर वाटतोय, शून्यवाले. लॅपटॉप खालच्या वायफायला चिकटला की ४०, जिन्यातल्याला चिकटला की शून्यवाला, आणि तिकडे गेला की मधे त्या राऊटरची भिंत, डेस्कटॉप आणि प्रिंटरपर्यंत पोचायला अडथळा येऊ शकतो. जिन्यातल्या राऊटरच्या सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो नंबर न वाटता नुसतं वायफाय देईल, विषय संपला. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा आयपी १९२.१६८.१.२ करा, मग त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅनच्या भोकात लावा. क्रम असाच ठेवा, डीएचसीपी आधी बंद केलंत तर त्याच्या पानावर परत जायला त्रास होतो. आणि खालच्या राऊटरच्या रेंजमध्ये २ येत नाही ना ते बघून घ्या.

निवांत_नाशिक:

हे सगळं झालं की राखीव यादीच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि राऊटरमध्ये बॅकअपचं बटण असेल तर फाइल पण उतरवून घ्या. नेटवाल्याचा मुलगा येऊन राऊटर रिसेट करून जातो आणि नोंदी सगळ्या पुसल्या जातात. मी कपाटाच्या दाराच्या आतून कागद चिकटवलाय, कुठल्या वस्तूला कुठला नंबर आणि तिचा मॅक.

कराडकर_डीटीपी:

सगळ्यांना कळवतो. जिन्यातल्याला अ‍ॅक्सेस पॉइंटचा मोड नव्हता, मेघाताईंनी सांगितलं त्याच क्रमाने केलं, लॅनच्या पिवळ्या भोकात केबल लावली. कागद पण लिहिला, डोंगलच्या वर भिंतीला लावलाय.

काल संध्याकाळी साडेसहाला लाईट गेली ती पावणेआठला आली. मी मुद्दाम काहीच केलं नाही, नुसता डेस्कटॉप चालू करून बसलो. वरून बायकोने फोल्डर उघडलं, परवाच्या लग्नाची पत्रिका काढली, निमंत्रकांच्या यादीत चौथ्या ओळीला मामांच्या नावातली वेलांटी पहिली पडली होती ती तिने दुसरी केली, आणि प्रिंट दिली. खाली प्रिंटरने कागद ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी अजून खुर्चीतून उठलो पण नव्हतो.